पिशोरचा कोळी

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास प्रयोगशाळेतल्या बरणीत एका कोळ्यानं शेवटची कात टाकली आणि तो नर निघाला. प्रांजलीनं त्याला भिंगाखाली घेतलं, पुन्हा पुन्हा पाहिलं आणि ती खुर्चीत टेकली.

या जातीचे कोळी जमिनीत बीळ करून त्याला मातीचं झाकण बसवतात. मादी जन्मभर बिळात राहते, नर वयात आला की बीळ सोडून बाहेर भटकतो. दोघांचं रूप इतकं वेगळं, की एकावरून दुसरा ओळखू येत नाही. चार वर्षांपूर्वी तिच्या गावच्या, पिशोरच्या माळावर, घरच्या मेंढ्या चरतात तिथंच, प्रांजलीला अशी मादी सापडली. नवी जात म्हणून तिनं ती जाहीर केली, नाव दिलं पिशोरेन्सिस. त्या मादीची पिल्लं तिनं बरण्यांत माती भरून वाढवली. त्यातलं पहिलं आज वयात आलं होतं, आणि ते हुबेहूब धम्मपालच्या कोळ्यासारखं होतं.

धम्मपाल तिचा सीनियर. कन्नडच्या डोंगरात मिळालेल्या एकट्या नरावरून त्यानं तिच्या आधीच एक जात जाहीर केली होती. म्हणजे जाती दोन नव्हत्याच. आणि शास्त्राचा नियम असा, की आधीचं नाव राहतं.

फोनवर धम्मपाल हसला. "माझ्याच नवरदेवाची बायको तू दुसऱ्या घरची म्हणून मिरवलीस की गं." मग म्हणाला, "घाई कशाला? मी कुठं बोलतोय."

गुरुवारी शहरात शहागंजचा बाजार उरकून तिचे आईवडील तिच्या पुंडलिकनगरच्या खोलीवर आले. पिशोरच्या स्टँडवर कोळ्याच्या नावाचा बोर्ड लागल्यापासून वडिलांची, मुंजाबाची, मान ताठ होती. प्रांजलीनं सगळं सांगितलं.

"म्हंजे कोळी आपला नाय ऱ्हायला?" मुंजाबानं विचारलं.

"कोळी आहे आबा. नाव जाईल."

"कुणाला ठावं हाय हे?"

"मला अन् धम्मपालला. तो गप्प राहील म्हणतो."

"मग तूबी गप ऱ्हा," तिची आई सखूबाई म्हणाली. "तुह्या बापानं पुतण्याच्या लग्नपत्रिकेवर कोळी छापलाय."

मुंजाबानं पटका काढून गुडघ्यावर ठेवला. मग म्हणाला, "खूण नीट पटली का तुला?"

"पटली."

"मग दिस मावळायच्या आत देऊन टाक. दुसऱ्याची मेंढी कळपात आली तर आपण तेच करतो. धनी हुडकत आला, की मग ती चोरी ठरती."

"आन् गावाला काय सांगायचं?" सखूबाईनं विचारलं.

"सांगंन की. माह्या पोरीनं सोताची चूक सोता धरली. पिशोरात आजवर कुणी धरली नाय."

"तुम्ही तर जल्मात नाय," सखूबाई म्हणाली. मुंजाबा हसला, पण ताठ मान काही खाली गेली नाही.

त्याच संध्याकाळी प्रांजलीनं शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठवला. पिशोरेन्सिस हे स्वतंत्र नाव मागे घेते, असं तिनं पहिल्याच ओळीत लिहिलं. खाली त्या जातीचे नर आणि मादी प्रथमच एकत्र वर्णन केले होते. त्यांची चित्रं तिनं मंगळवारी रात्रीच काढून ठेवली होती.

दोन परीक्षकांपैकी एकानं निबंध मान्य केला आहे. दुसऱ्याचं म्हणणं, एका पिल्लावरून निकाल देता येत नाही, आणखी एक नर वयात येऊ द्या. बरण्यांत दोन पिल्लं उरली आहेत, नर की मादी ते अजून कळलेलं नाही. काल दुपारपर्यंत दोघांच्याही बिळांची झाकणं बंद होती.