पान चौतीस

भिंगरीच्या आईचे दोन्ही हात कामात होते. डाव्या हाताने ती मांडीवरच्या बाळाला थोपटत होती आणि उजव्या हाताने शेंगा निवडत होती. कान तेवढे मोकळे होते, ते तिने लेकीला दिले होते. तिसरीतली भिंगरी समोर पुस्तक पसरून, ओळीखाली बोट सरकवत खणखणीत आवाजात वाचत होती.

“तळ्याकाठी एक बगळा उभा होता. त्याचा एक पाय पाण्यात होता आणि एक पाय पोटाशी होता. मासा म्हणाला, बगळोबा, तुमचा दुसरा पाय कुठे हरवला?”

कुठे अडखळणं नाही, चाचरणं नाही. प्रश्न आला की आवाज वर, वाक्य संपलं की खाली. आईला इतकं भरून आलं की शेंगा सोडून तिने लेकीकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे. पुस्तकात बगळा नव्हता. लालभडक आगीचा बंब होता.

बाळाचा दुधाचा हात लागून दोन पानं एकमेकांना चिकटली होती, आणि भिंगरीने भलतंच पान उघडलं होतं.

“भिंगरे, काय वाचतेस?”

“तळ्याचा धडा.”

“इथे कुठेय तळं?”

भिंगरीने चित्राकडे पाहिलं. बंबाची नळी, नळीतून उडणारं पाणी. “हे काय पाणी! म्हणजे तळं पलीकडेच असणार.”

आईला हसू आलं आणि अर्ध्यातच विरलं. तिने बंबाखालची पहिली ओळ दाखवली. “बरं, एवढंच वाच.”

बोट सवयीने ओळीखाली गेलं, थोडं सरकलंही. तोंडातून शब्द मात्र निघेना. मग भिंगरी अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, “आई, बाईंनी हे अजून म्हणून दाखवलं नाहीये.”

त्यानंतरचा अर्धा तास आईने घरातलं हाताला लागेल ते तिच्यापुढे धरलं. साबणाचा कागद, विजेचं बिल, बाळाच्या औषधाचं खोकं. खोक्यावर ‘सकाळी’ असं ठळक छापलं होतं, ते भिंगरीने ‘बाटली’ असं वाचलं, कारण शेजारी बाटलीचं चित्र होतं. पोर हुशार होती, यात शंकाच नव्हती. तिची हुशारीच तिच्या मुळावर आली होती. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात ते कोरलं जायचं, मग अक्षरांची गरज कुणाला?

आणि आईला आणखी एक गोष्ट आठवली. गेल्या वर्षी शाळेतून चिठ्ठी आली होती, ‘तपासणी आहे. पान चौतीस पक्कं करून घ्यावं.’ आईने दोन संध्याकाळी खपून याच पुस्तकातलं ते बगळ्याचं पान पक्कं करून घेतलं होतं. ती एक ओळ म्हणायची, भिंगरी तिच्या मागून म्हणायची. बोट कसं सरकवायचं, तेही तिनेच शिकवलं होतं. चिठ्ठीमागे तिने मोठ्या अभिमानाने लिहून पाठवलं होतं, ‘पक्कं झालं.’

भिंगरीचे बाबा लिफ्टदुरुस्तीच्या कामावरून आले तेव्हा आईने त्यांना सगळं सांगितलं. ते बूट काढता काढता म्हणाले, “अगं, येईल हळूहळू. मलाही उशिराच यायला लागलं होतं.”

“तुला पहिलीतच येत होतं. सासूबाई सांगतात.”

“आईचं काय धरून बसतेस! ती तर सांगते, मी सातव्या महिन्यात धावत होतो.” पण हात धुताना त्यांनीही भिंगरीला नळावरची पाटी वाचायला सांगितली, आणि मग ते बराच वेळ हात धूत राहिले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत आई शाळेत गेली. फाटकावर नवा कोरा फलक होता, ‘शंभर टक्के वाचणारी शाळा’. त्याच्याखालून बाळाला कडेवर घेऊन जाताना तिला उगाचच चोरट्यासारखं वाटलं.

एका खोलीत दोन वर्ग डबे खात बसलेले. दुसऱ्या वर्गाच्या बाईंना जनगणनेसाठी घरं मोजायला पाठवलं होतं, म्हणून भिंगरीच्या बाई दोन्ही फळ्यांच्या मधे उभ्या. आईने एका दमात सगळं सांगितलं. ती मनातून वादाची तयारी करून आली होती, पण बाईंनी वादच घातला नाही.

“माहीत आहे मला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मुलीसारखे एकवीस आहेत.”

“मग तुम्ही…”

“बसा तरी. बाळाला द्या इकडे.” बाळाला घेऊन त्या खिडकीशी टेकल्या. “आम्हाला दर महिन्याला फोनवर प्रत्येक मुलाला रंग द्यावा लागतो. येतं वाचायला तर हिरवा. नाही येत तर लाल. पहिल्या वर्षी मी खरं भरलं. चौदा लाल. शिक्षण कचेरीतून बोलावणं आलं. मला वाटलं, मदत देणार. साहेब म्हणाले, शेजारच्या शाळेत सगळे हिरवे, तुमच्याच हाताखाली पोरं लाल कशी होतात? प्रत्येक लाल नावामागे अकरा पानी खुलासा. ती पानं भरण्यात माझा शिकवायचा महिना गेला.”

“मग?”

“मग मीही हिरवे केले. माझे सगळे हिरवे, म्हणून शाळेतून वाचनाच्या जादा बाई काढून घेतल्या. गरज काय, म्हणाले. वर हा फलक दिला.” त्या हसल्या, पण ते हसणं बघवेना. “मोठ्या शाळेत वाचनवर्ग आहे. चांगला आहे हो! चार-पाच मुलं, एक बाई, अक्षरापासून सुरुवात. सहा महिन्यांत मुलं वाचायला लागतात, मी पाहिलंय. पण लाल नावाशिवाय घेत नाहीत. यादी शुक्रवारी बंद होते.”

“मग माझ्या मुलीला लाल करा.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं. “हिरव्याचं लाल होतच नाही, ताई. ते बटणच दिलेलं नाही. एकदा वाचायला आलं की माणूस ते विसरत नाही, असं त्यांचं म्हणणं.” मग बाळाच्या मुठीतून आपला चष्मा सोडवत हळूच म्हणाल्या, “तुम्ही तक्रार करा. साहेब येऊन पडताळणी करतात. त्यांना बदलता येतं. माझं व्हायचं ते होईल.”

आई तशीच कचेरीत गेली. खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारच्या टेबलाला हाक मारली. “अहो, हे ऐका! लोक पोराला पास करा म्हणून येतात. या बाई म्हणतायत, नापास करा!” शेजारचं टेबल हसलं. अर्जावर शिक्का मात्र बसला. गुरुवारी साहेब येतील, असं ठरलं.

ती औषधांच्या दुकानात कामाला होती. दुपारी पोचायला उशीर झाला, पण दुकानदारकाका रागावले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मुदत संपलेल्या बाटल्या वेगळ्या काढता काढता एक बाटली तिच्यापुढे आदळली. “ही बघ. हिच्यावर तारीख चुकीची निघाली तर उद्या माझ्या दुकानाला कुलूप. बनवणाऱ्याला पकडतील, विकणाऱ्याला पकडतील. आणि शाळेतून पोर कोरंच्या कोरं बाहेर पडलं तर? कोणाला पकडायचं? सांग ना! बाईंना? त्या म्हणणार कचेरी. कचेरी म्हणणार वरून आलं. त्या वर कोण बसतं, ते मला या जन्मी कळायचं नाही.”

“काका, पकडायचं नाहीये मला कोणाला. तिला वाचता आलं पाहिजे, एवढंच.”

“तूच का नाही शिकवत?”

त्या संध्याकाळपासून तिने तोही प्रयत्न केला. तीन दिवस, बाळ झोपलं की, दुकानातून आलं की. ती ‘क’ काढायची, भिंगरी ‘क’ म्हणायची. तिने पाच शब्द लिहिले की भिंगरी पाचही धडाधड म्हणायची. क्रम बदलला तरी जुन्याच क्रमाने म्हणायची. तिसऱ्या दिवशी आई ओरडली. भिंगरीने पाटी उलटी ठेवली आणि म्हणाली, “मला येतं सगळं. तूच चुकीचं विचारतेस.” आणि दोघी दोन कोपऱ्यांत रडल्या. शिकवणं हेही कसब असतं आणि ते आपल्याकडे नाही, हे तिला तेव्हा उमगलं.

गुरुवारी सकाळी भिंगरीची वेणी घालताना आईच्या मनात पुन्हा पुन्हा एकच वाक्य येत होतं. साहेबांसमोर गप्प राहा. एवढंच सांगायचं होतं. गप्प राहिली तर लाल, लाल झाली तर वाचनवर्ग. पण आरशात भिंगरी स्वतःलाच हळू आवाजात बगळा म्हणून दाखवत होती, आणि तिचे डोळे असे लुकलुकत होते की आईला ते सांगवेना. शेवटी ती एवढंच म्हणाली, “जे येत नाही, ते येत नाही म्हणायचं. लाजायचं नाही.”

“पण मला येतं,” भिंगरी म्हणाली.

साहेब तरुण होते, घामाघूम होते आणि त्यांना अजून सहा शाळा गाठायच्या होत्या. वर्गात आल्या आल्या त्यांनी पिशवीतून पुस्तक काढलं आणि बाईंनी एकदम भिंतीकडे तोंड फिरवलं. तेव्हाच आईला कळून चुकलं.

“हं, बाळ. पान चौतीस.”

भिंगरी उभी राहिली. पुस्तक दोन्ही हातांत नीट धरलं, ओळीखाली बोट ठेवलं. बगळा उभा राहिला, पाय पोटाशी गेला, माशाने प्रश्न विचारला. बगळा पाण्यात पडला त्या वाक्याला तिने आवाज असा काही टाकला की साहेब खो खो हसले.

“अहो, ही तर उद्या बातम्या देईल! काय हो ताई, हिला वाचता येत नाही?”

“साहेब, तिला ते पाठ आहे. दुसरं पान द्या.”

“पान ठरलेलं असतं. सगळ्यांना एकच. आम्ही आपापली पानं काढायला लागलो तर तो अन्याय नाही का?”

“पण ठरलेलं आहे म्हणूनच तर पाठ आहे! सगळ्या शाळेला पाठ आहे. मीच पाठ करून घेतलंय!”

साहेबांनी भुवया उंचावल्या. आईने पुढे होऊन लेकीच्या हातातलं पुस्तक घेतलं, मधलं कुठलंसं पान उघडलं आणि परत तिच्या हातात दिलं. “वाच, राणी. फक्त एक ओळ.”

भिंगरीने पानाकडे पाहिलं, मग आईकडे. आत्ताच सगळ्यांनी वाहवा केली होती आणि आता आईच सगळ्यांसमोर हे काय करत होती? पानावर टपकन थेंब पडला.

“बघा,” आई साहेबांना म्हणाली. “बघा ना, नाही येत तिला.”

“मला दिसतंय ते असं,” साहेब शांतपणे म्हणाले, “की एवढं छान वाचणाऱ्या मुलीला तुम्ही चार लोकांत रडवताय.” माणूस वाईट नव्हता. त्यांनी खिशातून रुमाल काढून भिंगरीला दिला, तिच्या डोक्यावर थोपटलं. मग मांडीवर पाटीएवढा टॅब ठेवून त्यात बोटाने माहिती भरू लागले.

“साहेब,” बाई एकदम पुढे आल्या. “ताई खरं सांगतायत. मला माहीत आहे.”

साहेबांचं बोट थांबलं. “बाई, मागच्याच महिन्यात तुम्ही हिला हिरवं केलंय. तुमच्याच फोनवरून. आता लाल म्हणालात तर तेव्हा खोटं भरलं असं होईल. एका मुलीचं नाही, मग सगळ्या शाळेचं बघावं लागेल. तसं लिहू?”

बाईंच्या हातातला खडू मोडला. त्या वाकून तुकडे वेचू लागल्या. आईने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिलाच त्यांच्या वतीने मान खाली घालावीशी वाटली. कारण तीसुद्धा मागच्या वर्षी लिहून चुकली होती, पक्कं झालं म्हणून.

“इथे सही करा, ताई. समाधान झालं म्हणून.”

“झालेलं नाही.”

“मग नका करू,” साहेब पिशवी उचलत म्हणाले. “तीन दिवस उत्तर आलं नाही की तक्रार आपोआप निकाली निघते. तुम्हाला त्रास नको म्हणून म्हटलं.”

तिने सही केली नाही. शुक्रवारी ती मोठ्या शाळेतही जाऊन आली. वाचनवर्गाच्या खोलीत चार मुलं लाकडी अक्षरं हातात घेऊन बसली होती, आणि पाचवी खुर्ची रिकामी होती. तिथल्या बाई हळहळल्या, यादी दोनदा वरखाली करून पाहिली. म्हणाल्या, “खुर्ची आहे हो, नाव नाही. पुढच्या वर्षी बघा.” पुढच्या वर्षी भिंगरी चौथीत जाणार होती आणि वाचनवर्ग तिसरीपर्यंतच होता, हे दोघींनाही ठाऊक होतं.

रविवारी ती दोन्ही लेकरांना घेऊन बाजारातून परतत होती. एका हाताला पिशवी, कडेवर बाळ, म्हणून फोन भिंगरीच्या हातात. तो किणकिणला.

“आई, निरोप आला! मी वाचू?”

भिंगरी रस्त्याच्या कडेला थांबली. चमकत्या पडद्यावर तीन ओळी होत्या. तिने पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाट पाहत आईकडे मान वळवली.

“आधी तू एकदा म्हण,” ती म्हणाली. “मग मी वाचते.”

आईने पिशवी खाली ठेवली. वाकून पाहिलं. म्हणू नये असं फार वाटलं. पण लेक बोट ठेवून उभी होती, चेहरा वर करून, आणि तिला नाही कसं म्हणायचं ते आईला सुचेना.

“आपल्या तक्रारीचे,” आई म्हणाली, “पूर्ण समाधान करण्यात आले आहे. सहकार्याबद्दल आभार.”

आणि भिंगरीने एक शब्दही न चुकता, खणखणीत आवाजात, येणाऱ्याजाणाऱ्याने वळून पाहावं असं ते वाचून दाखवलं.