लॅमिनेशनखालची तारीख

"गाडी परक्याची आणि हात तुझ्या नवऱ्याचे. विम्याच्या कागदावरची तारीख एकदा डोळ्यांनी बघून घे," ताई म्हणाली होती. ताई एका विमा एजंटाकडे टायपिंग करायची.

लेकीच्या तोंडात घास कोंबत धाकटीने ते उडवून लावलं होतं. "ताई, तुझं ऑफिस जेवतानासुद्धा पाठ सोडत नाही का गं?"

आज तीच धाकटी लेकीला कडेवर घेऊन वाहतूक पोलिसांच्या खिडकीसमोर उभी होती, आणि संतापाने तिच्या कानशिलांवरच्या शिरा ताडताड उडत होत्या.

नवरा अकरा वर्षं कंत्राटदारसाहेबांची गाडी चालवत होता. माणूस टापटिपीचा. विम्याचा कागद घडीवर फाटायला लागला तेव्हा त्याने आपणहून तो लॅमिनेट करून आणला. कुणी अडवलं की तो चकचकीत कागद काचेतून बाहेर धरायचा. हवालदार लांबूनच हात हलवायचा, जा म्हणून. कागद दरवर्षी नवा यायला हवा, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. कागदपत्रं साहेबांचं खातं. मुदत संपून तीन वर्षं झालेला कागद तो मढवून मिरवत होता.

मंगळवारी वळणावरच्या वाळूत गाडी घसरली आणि रस्ता ओलांडणाऱ्या शिलाईवाल्या मावशींना धडकली. त्यांच्या उजव्या गुडघ्याचा चुरा झाला.

"विमा नाही म्हणजे दंड, आणि परवाना निलंबित," कारकून म्हणाला. "दुसऱ्यांदा सापडलात तर थेट आत. मावशींची भरपाई वेगळी."

"अहो, पण गाडी यांची नाही!"

"चालवत कोण होतं? हां, मालकानं चालवायला दिली असेल तर मालकही अडकतो."

साहेब बाकावर बसले होते, कडक इस्त्रीत. "दिली कुठे? न विचारता काढली यानं. पोरासारखा वागवला, त्याचं हे फळ!"

तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं.

"अहो, बोला की!"

"जाऊ दे गं. अकरा वर्षं..."

"अकरा वर्षं काय? खाल्ल्या मिठाला जागताय? मीठ आपण दुकानातून विकत आणतो!"

तिने त्याच्या खिशातून फोन ओढून काढला, मंगळवारचा निरोप शोधला आणि खिडकीत धरला. साहेबांचाच आवाज घुमला, "कुठे मेलास? पाच मिनिटांत गाडी घेऊन साइटवर ये!"

कारकुनाने तो दोनदा ऐकला आणि दुसरा फॉर्म काढला. साहेबांचं नाव त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं.

"उद्यापासून येऊ नकोस," साहेब नवऱ्यावर गुरकावले.

"येणार कशाने?" तीच म्हणाली. "परवाना इथे ठेवून चाललोय आम्ही."

जिंकल्यासारखं मात्र काही वाटलं नाही. मावशी रुग्णालयातून घरी आल्यावर ती भेटायला गेली. एकटा जीव, लिफ्ट नसलेला तिसरा मजला, पायाने चालवायचं मशीन आणि पाय प्लास्टरमध्ये. विमा असता तर कंपनीने पैसे भरले असते. आता कोर्टात किती खेटे पडतील, देव जाणे. ती शिव्या खायच्या तयारीनेच गेली होती. मावशींनी लेकीकडे बघितलं.

"फ्रॉक उसवलाय गं पोरीचा. काढ इकडे."

आणि पडल्या पडल्या त्या हाताने टाके घालू लागल्या. बारीक, एकसारखे. तिला तिथून पळून जावंसं वाटलं. मावशींनी चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. हा राग आता ठेवायचा कुठे?

ती रोज जाते. पण सोमवारपासून तिलाच नोकरी धरायची आहे, म्हणून भेटेल त्याला सांगते, तसंच तुम्हालाही: रंगाच्या दुकानावरचा तिसरा मजला, डावीकडचं दार. त्या बाजूला गेलात तर वाजवा. आतून "कोण?" असं येईल, आणि मग बराच वेळ काहीच नाही. जाऊ नका. त्या येत असतात.