आठ तुकड्यांचा पटका

त्या दिवशी भादव्याची झड लागून आठवा दिवस होता. पाऊस धड पडत नव्हता, धड थांबत नव्हता. चितेगावावर राखेच्या रंगाचं आभाळ टेकलेलं, चुलीपाशीसुद्धा कपडा वाळेना. म्हणून झड लागल्यापासूनच आमची दोरी परसातून ओसरीवर आली होती. ती परसातच राहिली असती तर आज मी असतो, पण करुणा नसती.

मी सर्जेरावांचा पटका बोलतोय. पांढरा, मलमलीचा, बारीक निळ्या काठाचा. लेकीच्या, म्हणजे करुणाच्या, लग्नासाठी सर्जेरावांनी मला शहरात, गुलमंडीच्या बाजारात घेतलं. जन्मभर लोकांच्या रानात दारं धरलेला माणूस, पाणी या वाफ्यातून त्या वाफ्यात वळवण्यात हयात गेलेली. दुकानदारानं मला उलगडलं तर सर्जेराव हात लावायलाही संकोचले. लग्नानंतर मात्र रोज त्यांच्या डोक्यावर. ऊन खाल्लं, घाम प्यालो, त्यांच्या बायकोच्या, गोजरबाईच्या, हातची नीळ खाल्ली आणि लोण्यासारखा मऊ झालो.

मऊ झालेल्या कपड्याचं पुढं काय होतं, ते तुम्हाला ठाऊकच आहे. करुणा दुसऱ्या खेपेला माहेरी बाळंत झाली. गोजरबाईनं नवऱ्याला विचारलं, “तुमचा पटका घिऊ का? नव्या कापडानं काचतं पोरीला.”

“घे की. डोस्क्यापरीस लेकीच्या कामाला आला तर बरंच हाय,” सर्जेराव म्हणाले.

टर्रटर्र फाटून माझे आठ तुकडे झाले. एकानं करुणाचं पोट बांधलं. बाकीचे सात बाळंतिणीचं रक्त टिपायचे कपडे. तुकडे आठ, पण जीव माझा एकच, त्यामुळं एक भिजला की सगळ्यांना कळायचं.

पंधरा दिवस सगळं रीतीनं चाललं. डाग फिका होत आला. आणि अठराव्या दिवशी, काहीच कारण नसताना, सकाळच्या दोन तासांत आम्ही सातही जण लाल झालो. मग एकाएकी थांबलं. पुन्हा कोरडं.

बाळंतिणीच्या कपड्यांची एक रीत असते. कुणी उठायच्या आत धुवायचे, परसात लुगड्याखाली झाकून वाळवायचे, पुरुषाच्या नजरेला पडू द्यायचे नाहीत. शेजारच्या सारजाबाईला गोजरबाईनं हळूच विचारलं, तर ती म्हणाली, “आगं, वली बाळंतीण हाय ती. घाण हाय, जेवढी जाईल तेवढी बरी. आडवू नगंस.” सारजाबाईनं गावातल्या कितीक बाळंतिणी न्हाऊ-माखू घातलेल्या. तिचा शब्द कोण मोडणार?

पण झडीमुळं आम्ही ओसरीवर होतो. सर्जेरावांनी निळा काठ पाहिला, ओळखला, आणि तोंड फिरवलं. बायकांचं आहे, आपण बघू नये. त्या फिरवलेल्या तोंडाचा त्यांना पुढं लई दिवस सल राहिला.

चार दिवस माझा एकही तुकडा दोरीवर नव्हता. तेविसाव्या दिवशी पुन्हा सातच्या सात. यावेळी त्यांनी तोंड फिरवलं नाही. ते बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यातूनच बोलले, “गोजरे, माझा आख्खा पटका दोरीवर हाय. पोरीचं तोंड बघ, चुन्यावानी झालंय. जीप बोलव.”

“तुमी कशाला बघता तिकडं?”

“माझा पटका हाय. म्या नाय बघणार तर कोण?”

शहरातल्या मोठ्या दवाखान्यात मी करुणाच्या पोटावर होतो. जावई धम्मपाल वाळूजच्या कारखान्यातून कंपनीच्या कपड्यातच आला. तिथल्या तरुण डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वारेचा तुकडा राहिला असेल, गर्भपिशवी साफ करू. बहुतेकींचं तेच असतं. सामानही मांडलं. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. म्हणाल्या, “जरा थांबा. रक्त रोज जातं का?”

गोजरबाई खाली बघत म्हणाली, “बायकांचं जातंच की, बाई.”

दारातून सर्जेराव म्हणाले, “म्या सांगू का? आठ दिसांची दोरी बघितलीय म्या. एक दिस सात कपडे. मग चार दिस काय बी नाय. आज पुन्हा सात. नळ सोडावा अन् बंद करावा तसं.”

बाईंनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. मग करुणाला विचारलं, “आधी कधी पिशवी साफ केली होती?”

“व्हय,” करुणा पुटपुटली. “दोन वर्साखाली, तिसऱ्या महिन्यात पोट गेलं तवा.”

बाईंनी सामान उचलायला लावलं आणि रंगीत सोनोग्राफी केली. मला बाजूला सारलं होतं, पण मी पाहिलं. पिशवीच्या भिंतीत एका जागी लाल-निळा रंग उकळत्या पाण्यासारखा घुसळत होता. “तुकडा-बिकडा काही नाही,” बाई म्हणाल्या. “हे खरवडलं असतं तर रक्त आवरलं नसतं.”

बाहेर येऊन त्यांनी समजावलं. रक्त आणणारी नस आणि परत नेणारी नस, दोन्हींच्या मधे बारीक बारीक वाटा असतात. इथं त्या वाटा चुकवून दोन्ही नसा थेट एकमेकींना जोडल्या गेल्यात; आधी पिशवी खरवडली असली की कधीकधी असं होतं.

“म्हंजी पाटाचं पाणी वाफ्यात न जाता सरळ नाल्यात,” सर्जेराव म्हणाले.

“अगदी तसंच, बाबा.”

“मग फूट बुजवा की.”

“तेच करायचं. मांडीच्या नसेतून शेवईएवढी नळी तिथपर्यंत न्यायची आणि बारीक कण सोडून वाट बंद करायची. पोट फाडायचं नाही. पण नाही जमलं, तर जीव वाचवायला पिशवी काढावी लागेल.”

धम्मपालनं सही केली. सर्जेराव बाकावर बसले, मला घडी करून मांडीवर घेतलं आणि दीड तास माझा काठ बोटांनी चाचपत राहिले.

फूट बुजली. करुणाला बाहेर आणलं तेव्हा तिनं पहिलं बाळाचं विचारलं.

कपड्याला काय हवं असतं? भिजू नये, एवढंच. दुसऱ्या सकाळी मी कोरडा होतो. तिसऱ्या सकाळीही. महिन्यानं पुन्हा सोनोग्राफी झाली, तर घुसळणारा रंग निवलेला.

आता माझे दोन तुकडे बाळाखाली असतात, बाकीचे इकडं तिकडं झिजले. पोटावरचा तेवढा सर्जेरावांनी मागून घेतला आणि खांद्यावर टाकतात. कोपऱ्यात फिका डाग आहे. नीळ घालूनही गेला नाही, त्यांनी जाऊ दिलाही नाही. तुमच्या घरी बाळंतीण असेल तर तिची दोरी झाकू नका, एवढंच माझं म्हणणं.

परवा सर्जेराव ओट्यावर बसले होते. सारजाबाई आली. पदर सावरत म्हणाली, “भाऊ, माझ्या लेकीला, मोनिकाला, सातवा लागलाय. बाळंत झाली की तिची दोरी म्या हितं म्होरंच बांधीन. येता-जाता जरा नजर ठिवा.”