निळ्या खडूची फुली

धाकट्या मालकांनी माझ्याकडून दोन पानांचं मनोगत मागितलं आहे. "पुस्तक शेवटचं म्हणताय ना, काका, मग तुम्ही रहस्यकथा कशी लिहिता ते वाचकांना सांगून टाका." सत्तेचाळीस पुस्तकं लिहिली तोवर कुणी विचारलं नाही, आता हात कापायला लागला तेव्हा यांना कृती हवी. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. मोठे शब्द मला येत नाहीत, आणि ज्यांना येतात त्यांची पुस्तकं मी अर्ध्यात खाली ठेवतो. तरी लिहितो, कारण नाही लिहिलं तर हा रोज फोन करील.

लग्नाच्या आधीपासून मी यांच्या वडलांच्या छापखान्यात बांधणी खात्याला होतो. फर्मे, म्हणजे छापून आलेले मोठे कागद, दुमडायचे, क्रमानं लावायचे, शिवायचे. छपाईत बिघडलेले फर्मे घरी न्यायची मुभा होती आणि कादंबऱ्या मी तेवढ्याच वाचल्या. बिघडायचे ते नेहमी सुरुवातीचे. शेवटाला येईतो यंत्र सुतासारखं चालायला लागलेलं असायचं, त्यामुळं एकाही कादंबरीचा शेवट माझ्या हाती लागला नाही. कुणी मारलं, का मारलं, सगळं माझं मलाच ठरवावं लागायचं. त्यातूनच सवय लागली. आजही मी शेवटचं प्रकरण सगळ्यात आधी लिहितो आणि ते लिहिताना खोलीला आतून कडी घालतो. शेवट हातात असला की बाकीचं पुस्तक म्हणजे तिथपर्यंत चालत जाणं.

आणि वाचकापासून काही लपवायचं नाही. लपवलं की त्याला वास लागतो. सगळं सांगून टाकायचं, पण घाईत, दुसऱ्याच कशाच्या तरी पोटात घालून, म्हणजे तो त्यावरून चपला घालून चालत जातो आणि दोनशे पानांनी कपाळाला हात लावतो. झाली कृती. याच्यापलीकडे या धंद्यात काही नाही, असेल तर मला कुणी सांगितलेलं नाही.

सगळ्यांनी कपाळाला हात लावले. आमच्या घरात मात्र कुणी लावला नाही.

आमची ही कपडे शिवायची. बाहेरच्या खोलीत तिचं यंत्र, आतल्या खोलीत माझं टेबल, मधे दार. एक प्रकरण झालं की पानं मी तिच्या कापडांवर नेऊन ठेवायचो आणि परत येऊन दार लावून बसायचो. कापडावर खुणा करायचा तो निळा चपटा खडू तिच्या बोटांतून कधी सुटायचा नाही. वाचता वाचता ज्या ओळीवर तिला खुनी कळला त्या ओळीसमोर, समासात, ती त्या खडूनं एक फुली मारायची. बोलायची नाही काही. मला आत कळायचं ते असं: यंत्र थांबायचं, बराच वेळ काही नाही, मग खडू दोनदा घासायचा, खर्र, खर्र, आणि यंत्र पुन्हा सुरू. त्या आवाजाचा मी इतका धसका घेतला होता की दार बंद असो, खाली रस्त्यावर मिरवणूक चाललेली असो, तो माझ्या कानातून सुटला असं कधी झालं नाही.

"कशावरून?" मी बाहेर येऊन विचारायचो.

"त्यानं छत्री झटकली नाही. तुम्हीच लिहिलंय."

"विसरला असेल."

"अहो, तुमची माणसं विसरत नाहीत. विसरायला घरात तुम्ही आहात की."

एक्केचाळीस वर्षं हे चाललं. दोन खुनी केले, दोन फुल्या. खुनी मेलेला दाखवला, तर त्याच्या तिरडीच्या ओळीसमोर फुली. एकदा गोष्ट सांगणाऱ्यालाच खुनी केला आणि आता बघू म्हणून हात चोळत बसलो, तर पहिल्या पानावर, पहिल्या 'मी'समोर. त्या दिवशी मी जेवलो नाही. ती जेवली, वर म्हणाली, "तुम्ही स्वतःबद्दल एवढं गोड कधी लिहीत नाही, तेव्हाच कळलं."

तर माझी एकच इच्छा राहिली होती. हिनं एकदा, फक्त एकदा, शेवटच्या पानापर्यंत फुली न मारता यावं आणि "अगं बाई!" म्हणावं. अठ्ठेचाळिसाव्याला हात घातला तो त्याच्यासाठी, आणि त्याच्या सुरुवातीलाच ती गेली. त्या दुपारी मी शेवटचं प्रकरण लिहीत होतो, कडी आतून होती, ती यंत्रापाशी पडली आहे हे चहाला बाहेर आलो तेव्हा समजलं, आणि तेव्हापासून चहाही माझा मलाच करावा लागतो, त्यात पावडर नेहमी जास्त पडते. असो.

दोन वर्षं लिहिलं नाही. मुलीनं यंत्र एका गरजू बाईला देऊन टाकलं, कात्र्या, दोरे, खडूचा डबा, सगळं त्याच्याबरोबर गेलं. बाहेरच्या खोलीत आता यंत्राच्या पायांचे चार डाग आहेत फरशीवर, दुसरं काही नाही. मग धाकटे मालक मागं लागले म्हणून ते अर्धवट अठ्ठेचाळिसावं सोडून नवं पुस्तक धरलं. भाडेकरूंचं घर, वरच्या मजल्यावर म्हातारी मालकीण, खाली एक दाताचा डॉक्टर आणि एक घड्याळं दुरुस्त करणारा. म्हातारी मरते. खुनी डॉक्टर. शेवट लिहून झाला, पहिलं प्रकरण झालं, जेवून जरा आडवा झालो. उठून पानं चाळली तर चौथ्या पानावर, डॉक्टरनं हात दोनदा धुतले या ओळीसमोर, निळी फुली.

खोटं कशाला सांगू, भीती वाटली नाही. संताप आला. चौथ्या पानावर! दोन वर्षं नाही ती, आणि चौथ्या पानावर!

मुलगी दर शनिवारी येते, माझी पानं संगणकावर उतरवून घेते. तिला दाखवलं.

"हे तू केलंस?"

"मी कशाला? बाबा, तुमचाच अंगठा निळा आहे."

"पुसायला गेलो म्हणून."

"अंगठा आधी की फुली आधी, हे तुमच्या पुस्तकात चालेल. या घरात दुसरं आहे कोण?"

"तेच तर विचारतोय."

ती मग डॉक्टरांकडे जाऊन यायचं का म्हणाली. मी म्हटलं, कुठल्या, दाताच्या? ती हसली नाही.

मी खुनी बदलला. डॉक्टर सोडला, घड्याळवाला धरला, पहिलं प्रकरण पुन्हा लिहिलं. तिसऱ्या पानावर फुली, घड्याळवाल्यासमोर. पुन्हा डॉक्टर, दुसऱ्या पानावर. पानं पत्र्याच्या पेटीत ठेवून कुलूप लावलं, किल्ली बंडीच्या खिशात, वर झाकणाला दोरा चिकटवला, हे सगळं माझ्याच सोळाव्या पुस्तकातलं. दोरा तुटला नाही. आत फुली होती. अकरा वेळा ते प्रकरण लिहिलं मी. कागद संपले, शाई संपली, शेजारी विचारायला लागले की काका कुणावर ओरडताय.

शेवटी चिठ्ठ्या केल्या. दोन चिठ्ठ्या, दोन नावं, एक उचलली आणि न उघडता डब्यात टाकली. खुनी मलाच माहीत नाही, आता मार फुली. दुपारी उठलो, तर घड्याळवाल्यासमोर होती. डबा उघडून चिठ्ठी बघितली. घड्याळवालाच होता.

हिला मी काय लिहितो ते कळायचं तोवर मला हरल्याचं काही वाटलं नव्हतं. पण मला ठाऊक नाही तेही कळायला लागल्यावर माणसानं लिहायचं कसं?

त्या दिवशी मी खुनीच काढून टाकला. मारलं कुणीच नाही. म्हातारी जिन्याजवळ पडते, उठता येत नाही, हाका मारते. खाली डॉक्टरला ऐकू जातं, त्याला वाटतं घड्याळवाला जाईल. घड्याळवाल्याला ऐकू जातं, त्याच्या चिमट्यात बारीक चाक धरलेलं असतं, त्याला वाटतं एवढं बसवू आणि मग जाऊ. दोघांची दारं बंद. मग हाका थांबतात. त्यानंतर सगळं पुस्तकभर पोलीस खुनी शोधतात आणि तो नसतोच. सरसर लिहिलं. एकशे ऐंशी पानं, आणि एका पानावर फुली नाही. समास धुतल्यासारखा स्वच्छ. शेवटचं पान उलटून मी टेबलावर मूठ आपटली. जिंकलो होतो. "म्हण आता अगं बाई," असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

मुलगी म्हातारीच्या हाकांचं प्रकरण उतरवत होती, मधेच तिचे हात थांबले.

"बाबा, ही किती वेळ हाका मारते?"

"लिहिलंय की. घड्याळवाल्यासमोर घड्याळ असतं. वीस मिनिटं."

"हे कुठून सुचलं तुम्हाला?"

"सुचतं. धंदा आहे माझा."

ती पडद्याकडे बघून बोलत होती. "आईनं हाक मारली असती तर तुम्हाला ऐकू आलं असतं, ना?"

"दार बंद होतं," मी म्हटलं.

तिनं राहिलेली पानं उतरवली, माझा चहा करून ठेवला, पावडर बेताची घातली होती, आणि शनिवारी रात्री राहायची ती, त्या दिवशी न राहता गेली.

पुस्तक धाकट्या मालकांकडे पोचलं. राहिली होती ही दोन पानं. काल सकाळी बसलो आणि वर 'असो' लिहिलंय तिथपर्यंत एका दमात आलो. उठून चहा केला. परत येऊन बघतो तर समासात फुली. पुस्तकात नव्हती, ती इथं. पहिल्या 'मी'समोर असती तर मी समजलो असतो, जुनीच थट्टा आहे. ती तिथं नव्हती. ती चहाच्या ओळीसमोर होती.

"हे मनोगत आहे, बाई," मी रिकाम्या खोलीला सांगितलं, "यात खुनी नसतो." माणूस या वयात कसा बावळट दिसत असेल, कल्पना करा.

मग ते पान मी पुन्हा लिहून काढलं. 'ती गेली'पर्यंत घेतलं, तिथं पूर्णविराम दिला आणि पुढचं सगळं गाळून 'असो'वर आलो. वाचलं, बरं वाटलं, कुणाचं काही अडत नव्हतं. जेवायला गेलो. आलो तेव्हा फुली समासात नव्हती. पूर्णविराम आणि 'असो' यांच्या मधे जी बोटभर जागा राहिली होती, तिथं ती मारलेली होती, जरा जोरात. खडूचा चुरा पडला होता कागदावर.

म्हणून ते वाक्य होतं तसं मी परत घातलं आहे. धाकट्या मालकांना नको असेल तर त्यांनी काढावं, मी आता काढणार नाही. तुम्ही ते मघाशी वाचलंत आणि पुढं गेलात, त्यात तुमची चूक नाही. कृती मीच सांगितली आहे.

आज शेवटचा परिच्छेद तेवढा राहिला होता, म्हणून सवयीनं आतून कडी घालून बसलो आहे. दुपारचे तीन वाजले असतील. बाहेरच्या खोलीत आत्ता एकदम शांत झालं, यंत्र थांबावं तसं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून ते चालू होतं. बराच वेळ काही नाही. मग खर्र. खर्र.

दार बंद आहे. मला ऐकू येतं.