सरनोबत बाईंच्या फियाटचा रंग

मंगळवारी दुपारी पिराजी सुताराच्या तळव्याचा रंग फियाटच्या दाराला गेला, आणि दाराला तो इतका शोभून दिसला की पिराजीला आधी आनंदच झाला.

आनंद व्हायला कारण होतं. जुन्या गाड्यांची आतली बाजू, म्हणजे सीटा, दारांची अस्तरं, छत, नव्याने रंगवून देण्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. पण सरनोबत बाईंच्या गाडीने त्याला मेटाकुटीला आणलं होतं. बाईंच्या यजमानांनी पासष्ट साली गाडी दारात उभी केली, तेव्हा आत जो रंग होता तोच बाईंना परत हवा होता. पिराजीने नऊ वाट्या रंग कालवले आणि बाईंनी नऊ वेळा "छे" म्हटलं. मग दाराचा जुना थर नीट निघालाय का, कुठे चिकट तर नाही ना, हे बघायला त्याने सवयीने तळवा रेक्झिनवर टेकवला. उचलला तर दारावर पंजाएवढा सावळा, किंचित तांबूस डाग, आणि तळवा भाताच्या पेजेसारखा पांढुरका.

"हाच," बाई म्हणाल्या. "सगळीकडे हाच लावा."

"बाईसाहेब, ह्यो माझा रंग हाय."

"मग शोधत बसायला नको."

या धंद्यात एक नियम आहे आणि पिराजी तो तीस वर्षं पाळत आला होता. एका गाडीला एकदाच कालवलेला रंग. दुसरी वाटी शेजारी लावली की उन्हात फरक उघडा पडतो, आणि असं काम करणाऱ्याला उद्यमनगरात ठिगळमास्तर म्हणतात. पिराजीने स्वतः दोघांना हे नाव ठेवलेलं होतं. आता डाग पडलाच होता, तेव्हा दार त्याच रंगाने पुरं करणं भाग होतं. त्याने बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात दारावर फिरवला.

घाई त्यालाही होती. लेक अस्मिता बाळंतपणाला आलेली, नात सात दिवसांची, आणि त्याने अजून तिचं फक्त दुपटं पाहिलं होतं. बायकोने, हौसाने, बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्यातच अडवलं होतं. "थिनरचा वास घिऊन आत पाय टाकलासा तर बघा! गाडी संपवा, घासून आंगूळ करा, मग रविवारी बारशाला घ्या की मांडीवर." पिराजी मान हलवून गाळ्यावर परतला होता. तो रविवार त्याच्या डोक्यात घर करून बसला होता. नातीला मांडीवर घ्यायचं, आणि तिने आपल्याकडे बघायचं. दुसरं काही त्याला नको होतं.

बुधवारी दोन्ही दंड उरलेल्या दारांना जेमतेम पुरले. गुरुवारी शर्ट काढून तो पुढच्या सीटवर पालथा पडला आणि उठला तेव्हा छाती गेलेली होती. म्हणजे होती, पण तिच्यातून गाळ्याचं शटर दिसत होतं. आता मात्र पिराजीची तंतरली. त्याने फडकं थिनरमध्ये बुडवून सीट पुसली. रंग आला खरा, पण फडक्यात आला. ते फडकं छातीवर घासघास घासलं, कातडी झोंबली, रंग काही चढला नाही. वर सीट पांढरी पडली ती पडलीच. ती पुन्हा रंगवायला त्याची सगळी पाठ खर्ची पडली.

शुक्रवारी तो घरी जेवायला गेला. तोंडावर अजून रंग होता, तरी हौसाची नजर त्याच्यावर ठरली नाही. तिने ताट वाढलं, त्याच्या नेहमीच्या जागेपुढे ठेवलं, झाकलं आणि आतल्या खोलीकडे वळून म्हणाली, "तुझा बाप आलाच न्हाई बघ अजून."

"अगं, हितंच हाय की मी," पिराजी म्हणाला.

"वास मातूर येतोय थिनरचा," हौसा म्हणाली आणि तिने खिडकी उघडली. आतून नातीचं रडणं ऐकू आलं. उंबऱ्यापर्यंत जाऊन तो थांबला. वास घेऊन आत जायचं नाही असं ठरलं होतं आणि आंघोळ झालेली नव्हती. त्याला रडू आलं, आणि आपण रडतोय हेही कुणाला दिसत नाही याचा रागसुद्धा आला.

शनिवारी सकाळी तो पुन्हा गाडीत बसला, कारण तिथे निदान सीटला खळगा पडत होता. ओल्या रंगावर धूळ बसू नये म्हणून त्याने चारही दारं आतून ओढून घेतली. मग त्याच्या ध्यानात आलं की रंगकामासाठी दारांचे आतले खटके आणि काचा खाली करायची हँडलं त्यानेच उतरवून ठेवली आहेत.

"बाईसाहेब, दार उघडा," काचेपलीकडे बाई दिसल्यावर तो म्हणाला. बाईंना मात्र तो ऐकू यायचा.

"रंग वाळू दे."

"वाळंना झालाय."

"अजून छत राहिलंय तुमचं."

छत तसंही डोक्याला टेकलंच होतं. रंग चढला की रेक्झिन आवळतं, हे पिराजी गिऱ्हाइकांना नेहमी सांगायचा, पण इतकं आवळलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. गुडघे डॅशबोर्डला लागले, खांदे दोन्ही दारांना लागले. जिथे अंग लागायचं तिथे रंग जायचा, आणि अंग न लागेल अशी जागा आत उरली नव्हती. कपाळ छताला गेलं, नंतर गाल.

रविवारी दुपारी सगळी गाडी झाली. ड्रायव्हरच्या बाजूच्या दारावर तेवढी बारीक जागा राहिली, पुरीएवढीसुद्धा नाही. पिराजीने सगळं अंग चाचपलं. कुठे काही शिल्लक नव्हतं.

तेवढ्यात अस्मिता बाळाला घेऊन गाळ्यात आली. "आप्पा कुठायत? पाळण्याला लोक खोळंबल्यात."

"आत आहेत," बाई म्हणाल्या.

अस्मिताने काचेला नाक लावलं. पिराजीने दोन्ही हात हलवले. ती कितीतरी वेळ छताकडे, सीटांकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा निवळला. "काय झ्याक रंग लावलाय वो! बघितल्या बघितल्या बरं वाटलं." मग दुपट्याचं टोक सारून ती म्हणाली, "हिचा बी रंग असाच हाय, बघा. आप्पांवर गेलीया."

बाईंनी बाळाकडे पाहिलं. मग त्या बारीक जागेकडे.

"बसव तिला आत," त्या म्हणाल्या. "आजोबांच्या गाडीत."

पिराजी ओरडला. "नको गं, अस्मे!" दार आतून धरून ठेवायला काहीच नव्हतं. बाईंनी ते उघडलं, आणि अस्मिताने वाकून बाळाला पुढच्या सीटवर, म्हणजे त्याच्या मांडीवर, अलगद ठेवलं. ती उबदार होती आणि त्याला वाटली होती त्याहून जड होती. त्याने दोन्ही हातांनी तिला कवळलं. बाईंनी दार लावून घेतलं. नात त्याच्याकडे बघत होती, नीट, डोळ्यांत डोळे घालून. मग दुपट्यातून तिचा एक हात सुटला, दारावरच्या त्या राहिलेल्या जागेकडे गेला, आणि तिने मूठ उघडली.