भात कुठे मुरतोय?

उभी हयात तिकिटं तपासण्यात घालवलेला माणूस एक दिवस निवृत्त होतो, पण त्याच्या नजरेला कोण निवृत्त करणार? टीसींचं तसंच झालं होतं. समोरचा माणूस खिशाकडे हात नेताना जरा अडखळला की ह्यांच्या मनात पाल चुकचुकलीच. दूधवाल्याने गोड हसून नमस्कार केला तरी टीसी आधी पिशवी हातात तोलून बघत आणि मग नमस्कार परत करत.

तर अशा टीसींच्या ताटातला भात कमी व्हायला लागला.

ताट घरचं नव्हे. बायको गेल्यापासून त्यांच्या घरचा गॅस चहापुरताच पेटायचा. गल्लीच्या टोकाला एका संस्थेचं सभागृह होतं, तिथे एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांना दुपारी गरम जेवण मिळे. लांब बाकं, स्टीलची ताटं, आणि एकुलत्या एका पंख्याखाली बसण्यासाठी रोजची भांडणं. स्वयंपाक आत्या करायची. कुणाची आत्या, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोंडाने फटकळ, पण हात असा सढळ की 'पुरे' म्हणेपर्यंत ताटात डोंगर. टीसींची कवळी कुरकुरते म्हणून त्यांच्यापुरता भात ती वेगळा, आसट शिजवायची.

आता त्याच हातातला डाव अर्धाच भरून येत होता.

"आत्याबाई, भात?"

"आहे तेवढाच आहे, टीसीसाहेब. डाळ घ्या की."

डाळीने पोट भरतं होय? टीसींच्या पँटी कमरेला ढिल्या झाल्या. आणि लेक महिनाअखेरीला यायची होती! मागच्या खेपेला तिने बजावलंच होतं, "बाबा, तुमचे जेवणाचे हाल दिसले ना, तर मी एक ऐकणार नाही. सामान बांधायचं आणि माझ्याकडे यायचं." लेक गुणाची, जावई सज्जन, सगळं खरं. पण तिकडे टीसी म्हणजे बाहेरच्या खोलीतला सोफा, आणि सगळे झोपायला गेल्याशिवाय ज्याला पाठ टेकता येत नाही असा पाहुणा. इथे दोन खोल्या का होईना, स्वतःच्या होत्या. वाळल्या अंगाने लेकीसमोर उभं राहिलो की त्या खोल्या गेल्या, हे टीसींना पक्कं कळत होतं.

"पाणी कुठेतरी मुरतंय," ते शेजारच्या कंपाउंडरांना म्हणाले. कंपाउंडर म्हणजे दवाखान्यात पुड्या बांधून म्हातारे झालेले गृहस्थ. थट्टा केल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे.

"पाणी कसलं? भात मुरतोय म्हणा!"

टीसी हसले नाहीत. त्या दिवसापासून जेवण झाल्यावर ते मागच्या दाराशी रेंगाळू लागले. आणि मग दिसलं. आत्या रोज एक फुगलेली पिशवी छातीशी धरून घरी जायची.

"काय नेताय एवढं?"

"माझं कपाळ!" म्हणून ती तरातरा निघून गेली.

झालं! चोराच्या मनात चांदणं. बिनतिकिटाचे लोकसुद्धा असेच आधी डाफरतात, हे टीसींना पाठ होतं. तरी रात्रभर त्यांचं मन त्यांना खात राहिलं. हीच बाई आपल्यासाठी वेगळं पातेलं चढवते. पण मग हीच आपलं ताट का कापते? सकाळी उठून त्यांनी संस्थेच्या मॅडमना फोन लावला.

मॅडम म्हणजे वयाने पोरसवदा मुलगी. सामान पाठवायचं काम तिच्याकडे, पण सगळा कारभार फोनवर. त्या दुपारी ती स्वतः आली. जेवणं उरकली होती, आत्या पिशवी घेऊन निघालीच होती.

"आत्या, राग मानू नका, पण... पिशवी जरा बघू का?"

आत्या तिच्याकडे बघतच राहिली. मग तिने टीसींकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर टेबलावर पिशवी उपडी केली.

डाळीचे डाग पडलेले नॅपकिन. एप्रन. पुसायची ओली फडकी.

"घरी नेऊन धुते," आत्या म्हणाली. "दुपारी इथल्या नळाला थेंब नसतो."

टीसी ओशाळले. पण हाडाचा टीसी, मागे कसा हटेल? "मग तांदूळ जातात कुठे?"

"मला काय विचारता? ह्यांना विचारा!" आत्याचा बांध फुटला. "फोन करकरून माझा घसा बसला. मॅडम, तांदूळ वाढलेत. मॅडम, तांदूळ वाढलेत. आणि दर खेपेला पोतं आणखीनच हलकं!"

"अहो, वाढलेत म्हणालात म्हणून तर कमी पाठवले!" मॅडम गोंधळली. "आधीचेच एवढे उरतायत, तर..."

"उरतायत? अहो बाई, वाढलेत म्हणजे संपलेत!"

"मग संपलेत म्हणायचं ना सरळ!"

"जिथे माणसं जेवायला बसतात तिथे संपलं म्हणतात का कुणी?"

मग कंपाउंडर असे हसले की त्यांना ठसकाच लागला. "मॅडम, उद्या कुणाची बांगडी वाढली, तर अभिनंदन करू नका हं!"

"आमच्या घरी असं कुणी बोलायचंच नाही हो," मॅडम रडकुंडीला आली. "मला वाटलं, वय झालंय, सगळ्यांचं खाणं कमी झालं असेल."

"आणि मी वाढलेत म्हटलं की ह्या म्हणायच्या, अरे वा! मला वाटायचं, टोमणा मारतायत."

सभागृह हसून लोटपोट झालं. सगळ्यात मोठ्याने टीसी हसले. चोर नाही, चोरी नाही, उद्यापासून भरलं पोतं! येऊ दे लेकीला खुशाल. ते आत्यापाशी जाऊन म्हणाले, "चला, नुसता शब्दाचा घोळ निघाला. झालं गेलं विसरून जा, आत्याबाई."

आत्या हसत नव्हती. तिने एकेक नॅपकिन घडी करून टेबलावर ठेवला. एप्रन उचलला, त्याचीही घडी केली. कोठीची किल्ली मॅडमच्या हातात दिली.

"जाते मी."

हसणं थांबलं. निघताना 'जाते' म्हणत नाहीत, हे त्या बाकांवर कुणाला शिकवायला नको होतं. सगळ्यांनी कुणाला ना कुणाला पोचवलेलं होतं.

"येते म्हणावं, आत्याबाई," टीसी तिच्यामागे दोन पावलं गेले. "जाते म्हणू नये."

ती उंबऱ्यात वळली. "मला दोन्ही शब्दांचे अर्थ कळतात, टीसीसाहेब."

आणि दोन्ही हात रिकामे आहेत हे सगळ्यांना नीट दिसेल असे पुढे धरून ती पुढच्या दाराने निघून गेली.