पहिल्या रविवारची भाकर

मंडळी फुटली ती गुडघ्यांवरून. प्रार्थना गुडघे टेकून करायची की उभं राहून, यावर शहाणीसुरती माणसं हमरीतुमरीवर आली आणि एकाच चर्चमध्ये दोन उपासना सुरू झाल्या. गुडघेवाले आठला, उभे राहणारे दहाला. सुतार आठचा, त्याची थोरली बहीण दहाची. दोन वर्षं भावाबहिणीत एक शब्द नव्हता. पाळक दोन्ही उपासना घेत आणि दोन्हीकडे मान डोलावत.

एकटी नर्समावशी आठलाही यायची आणि दहालाही. दोन्हीकडच्या निम्म्या लोकांची बाळंतपणं तिनेच केलेली. सुताराला आणि त्याच्या ताईलाही तिनेच जगात आणलं होतं. बाकीचे गुडघे टेकोत की उभे राहोत, ती आपली बाकावर बसून असायची.

"मावशी, असा दोन दगडांवर पाय बरा नाही," सुतार एकदा म्हणाला.

"अरे, माझे पाय एका दगडावर तरी कुठे ठरतात?" ती म्हणाली. "आणि जन्मलात तेव्हा तुमच्यातला एकही गुडघ्यांवर नव्हता की उभा नव्हता. सगळे नुसते रडत होतात."

मग ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत खाटेला खिळली.

या मंडळीची जुनी रीत अशी, की महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचा विधी झाला की जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी त्यातली भाकर आणि द्राक्षरस न्यायचा. पूर्वी हे काम भाऊबहीण मिळून करत. फूट पडल्यावर आजाऱ्यांच्या याद्याही दोन झाल्या, आठची सुताराकडे, दहाची ताईकडे. मावशीचं नाव लिहायला सुताराने कानावरची पेन्सिल काढली, थांबला आणि परत कानावर ठेवली. ताई तिची जास्त लाडकी. दहावाले बघतील. ताईला विचारायला हवं होतं. पण आधी बोलेल तो हरला, असा त्या दोघांचा लहानपणापासूनचा खाक्या होता.

दुसऱ्या महिन्यात डबीत भाकरीचा तुकडा उरला, तेव्हा तो मावशीच्या जिन्यापर्यंत गेला. वर ताई बसली असेल, समोरासमोर गाठ पडेल, असं मनात आलं आणि तो माघारी फिरला.

चौथ्या महिन्यात, एका बुधवारी सकाळी, मावशीच्या शेजारणीचा फोन आला. मावशी गेली होती.

मंडळीतल्या सगळ्यांच्या शवपेट्या सुतारच करायचा. तो टेप घेऊन पोहोचला, तर ताई आधीच उशाशी उभी. तिने न सांगता टेपचं एक टोक धरलं. त्याने दुसरं टोक पायांपाशी नेलं. मावशी फारच लहान भरली.

"बरं झालं तू येत होतीस," तो म्हणाला. दोन वर्षांतलं हे पहिलं वाक्य. "निदान तुझ्या हातची भाकर तरी मिळाली तिला."

ताईच्या हातून टेप सुटली. "मी कुठे येत होते? ती तुझ्या यादीत होती ना?"

शेजारीण शिवणकाम करणारी, चर्चची नव्हे. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं, म्हणून तिने सरळ सांगून टाकलं. "तीन महिने बघतेय मी. पहिला रविवार आला की केस विंचरून घ्यायची, चादर बदलायला लावायची. दुपारपर्यंत दार उघडं ठेव म्हणायची, माझी माणसं येतील. मी म्हटलं, कुणाला तरी फोन लावते. तर म्हणे, नको गं. एकाला बोलावलं तर दुसऱ्याला लागेल. त्यांचं ते ठरवतील."

सुतार खाटेच्या कडेला बसला आणि लहान पोरासारखा रडला. ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला.

अंत्यविधी नऊला ठेवला. ना आठला, ना दहाला. झाडून सगळे आले. बाक पुरेनात. दोन वर्षं एकमेकांना टाळणारी माणसं खांद्याला खांदा लावून उभी राहिली, एकमेकांना रुमाल देऊ लागली. एवढी माणसं होती या गावात, आणि जिना चढायला एकही सापडलं नव्हतं.

पाळक बोलायला उभे राहिले. मावशीने जाता जाता आपल्या सर्वांना पुन्हा एक केलं, असं ते म्हणाले. सगळ्या चर्चने एका सुरात "आमेन" म्हटलं. सुताराच्या तोंडून तो शब्द निघेना. शेजारी उभ्या असलेल्या ताईचेही ओठ मिटलेलेच होते. दोन वर्षांत भावाबहिणीचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.